हेडस्टॉकवरचं नाव आणि मानेखालचा शिक्का

वाचकांचे प्रश्न : वाद्यं आणि त्यांची निगा

या वेळी बऱ्याच पत्रांचा विषय एकच आहे. जुनी किंवा भेट मिळालेली इलेक्ट्रिक गिटार हातात आहे, पण ती कुठली, कधीची आणि कोणत्या मॉडेलची हे कळत नाही. म्हणून हा भाग आम्ही पूर्णपणे त्यालाच दिला आहे.

प्रश्न : गणपतीत ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या एका मुलाकडून जुनी गिटार घ्यायची आहे. हेडस्टॉकच्या (खुंट्या असतात त्या टोकाच्या) पुढच्या बाजूला काळा रंग मारलाय, त्यामुळे नाव दिसत नाही. मागे बारीक अक्षरांत 'क्राफ्टेड इन इंडोनेशिया' आणि आय-सी-एस १५ ने सुरू होणारा क्रमांक आहे. तो म्हणतो ही अमेरिकन फेंडर आहे, नाव उडालं म्हणून रंगवलं. खरं काय, आणि मॉडेल कोणतं?
— विद्यार्थी, राजारामपुरी

उत्तर : अमेरिकन नाही. ही स्क्वायर आहे, इंडोनेशियात कॉर्ट या कंपनीच्या कारखान्यात बनलेली, आणि क्रमांक मूळचा असेल तर २०१५ ची. त्या अक्षरांत आय म्हणजे इंडोनेशिया, सी म्हणजे कॉर्ट, एस म्हणजे स्क्वायर. पुढचे दोन आकडे वर्षाचे, बाकीचा नुसता अनुक्रम. महिना त्यात नसतो.

स्क्वायर हे फेंडर या अमेरिकन गिटार कंपनीचंच, पण कमी किमतीच्या गिटारींवर लागणारं नाव. व्ही. सी. स्क्वायर ही तारा बनवणारी जुनी अमेरिकन कंपनी फेंडरनं १९६५ मध्ये घेतली आणि १९८२ मध्ये जपानमध्ये बनणाऱ्या गिटारींसाठी ते नाव पुन्हा वापरात आणलं. पुढे काम कोरिया, चीन आणि इंडोनेशियाकडे सरकलं. तेव्हा विकणारा 'फेंडर' म्हणतो त्याला थोडा आधार आहे, 'अमेरिकन' म्हणतो त्याला अजिबात नाही. अमेरिकेतल्या फेंडरवर 'मेड इन यूएसए' असतं आणि २०१० नंतरचे क्रमांक यू-एस अक्षरांनी सुरू होतात. त्याच काळातल्या मेक्सिकोच्या गिटारींवर एम-एक्स असतं.

आता मॉडेल. २०१५ च्या आसपास स्ट्रॅटोकास्टर (फेंडरचं एक मॉडेल, थोडक्यात स्ट्रॅट) घाटाच्या स्क्वायरमध्ये बुलेट सगळ्यात खालची, तिच्यावर अ‍ॅफिनिटी, मग स्टँडर्ड आणि व्हिंटेज मॉडिफाइड. नाव झाकलेलं असलं तरी हेडस्टॉकचा आकार लपत नाही, म्हणून तिथून सुरुवात करा. हेडस्टॉक लहान, फ्रेट (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) २१ आणि मानेचा मागचा भाग फिकट, मॅट असेल तर बुलेट. हेडस्टॉक मोठा, खालची गोलाई फुगीर आणि फ्रेट २१ असतील तर अ‍ॅफिनिटी. तसाच मोठा हेडस्टॉक पण फ्रेट २२ असतील तर स्टँडर्ड. मानेवर मधासारखा पिवळसर, चकचकीत पॉलिश असेल तर व्हिंटेज मॉडिफाइडचा विचार करा. त्या मालिकेत बहुतेक ठिकाणी 'डंकन डिझाइन्ड' पिकअप (तारांचं कंपन पकडणारे चुंबकी भाग) होते, आणि ते नाव पिकअपच्या खालच्या बाजूला वाचता येतं.

दुसरी खूण बॉडीच्या जाडीची. पूर्ण जाडीची स्ट्रॅट ४४ ते ४५ मिमी भरते, बुलेट आणि अ‍ॅफिनिटी त्याहून पातळ असतात. गिटार आडवी ठेवून, कड जिथे गोल होत नाही अशा जागी मोजा. हाताच्या अंदाजानं पाच मिमीचा फरक कळत नाही.

इथे बहुतेक जण थांबतात, आणि चूक तिथेच होते. क्रमांक फक्त मानेचा आहे. मान चार स्क्रूंवर बसलेली असते आणि पंधरा मिनिटांत बदलता येते. म्हणजे मान स्क्वायरची आणि बॉडी दुसऱ्याच कुठल्या तरी गिटारची असू शकते. मान आणि बॉडी यांच्या सांध्यात दोन्ही बाजूंनी फट बघा. पोस्टकार्ड सहज सरकेल एवढी फट असेल, किंवा बाहेरची ई तार (पहिली किंवा सहावी) मानेच्या एका कडेला जास्त चिकटून जात असेल, तर जोडी मूळची आहे का याची शंका घ्या. मान उतरवल्यावर मानेच्या टाचेत (बॉडीत बसणाऱ्या टोकात) जुनी बुजवलेली भोकं दिसली तर शंका खरी ठरली.

काळ्या रंगानं वाजण्यात काही बिघडत नाही. पण मागचा क्रमांकही कुणी घासलेला असता तर आम्ही 'घेऊ नका' असंच सांगितलं असतं. क्रमांक शाबूत आहे, तेव्हा तो विकणाऱ्याच्या नावासह कागदावर लिहून सही घ्या आणि अ‍ॅफिनिटीची जुनी किंमत डोळ्यासमोर ठेवून बोला. अमेरिकन या शब्दाचा एक रुपयाही देऊ नका.

प्रश्न : माझ्या गिटारवर कसलंच नाव, क्रमांक, स्टिकर नाही. आकार स्ट्रॅटसारखा. ट्रेमोलोचा (सूर थरथरवण्याचा) दांडा आतच मोडला. मॉडेल कळल्याशिवाय पार्ट कसे मागवायचे?
— शाहूपुरी

उत्तर : तुम्हाला मॉडेलची गरजच नाही, मापं हवीत. स्ट्रॅटच्या बॉडीचा घाट जगभर शेकडो कारखाने वापरतात. त्यावर ट्रेडमार्क मिळावा हा फेंडरचा अर्ज अमेरिकेत २००९ मध्ये फेटाळला गेला. हेडस्टॉकचा आकार मात्र फेंडरकडे राखीव आहे, म्हणून इतर कंपन्या तिथली वळणं थोडी बदलतात. तुमच्या हेडस्टॉकचं टोक फेंडरपेक्षा वेगळं असेल तर ती कुठल्या तरी दुकानाच्या किंवा वितरकाच्या नावानं आलेली नवशिक्यांच्या संचातली गिटार असण्याची शक्यता जास्त. एकच कारखाना तीच गिटार दहा नावांनी देतो, त्यामुळे 'खरं नाव' शोधण्यात महिने जातील आणि हाती काही लागणार नाही.

व्हर्नियर कॅलिपर कोल्हापुरातल्या उद्यमनगरात कुठल्याही वर्कशॉपमध्ये मिळेल, तासाभरासाठी मागून आणा. मापं मिलिमीटरमध्येच लिहा.

पहिलं, नटच्या (हेडस्टॉकजवळच्या खाचांच्या पट्टीच्या) पुढच्या कडेपासून बाराव्या फ्रेटच्या मध्यापर्यंतचं अंतर घ्या आणि दुप्पट करा. ३२४ आलं तर स्केल (तारेची वाजणारी लांबी) ६४८, म्हणजे स्ट्रॅटचं. ३१४ च्या जवळ आलं तर गिब्सन कंपनीच्या लेस पॉल घराण्याचं. ३१७.५ आलं तर ६३५ चं स्केल. ब्रिजपर्यंत, म्हणजे बॉडीवर तारा जिथे टेकतात तिथपर्यंत, थेट मोजू नका, कारण सॅडल (त्यावरचे छोटे टेकू) मागेपुढे केलेले असतात आणि माप चुकतं.

दुसरं, ब्रिज. इथे दोन वेगळी मापं आहेत आणि दोन्ही लागतात. पहिल्या आणि सहाव्या तारेच्या मध्यांतलं अंतर ५२.५ च्या आसपास असेल तर आशियाई माप, ५६ च्या आसपास असेल तर जुनं अमेरिकन माप. मग ब्रिज धरून ठेवणाऱ्या सहा स्क्रूंपैकी कडेच्या दोघांमधलं अंतर वेगळं मोजा. तारांचं अंतर जुळलं म्हणून भोकं जुळतील असं नाही. हेच न मोजता मागवलेले ब्रिज परत जातात, किंवा त्याहून वाईट म्हणजे बॉडीत नवी भोकं पाडली जातात.

तिसरं, ब्रिजखालच्या धातूच्या ठोकळ्याची खोली. पातळ बॉडीत साधारण ३६ मिमीचा ठोकळा असतो. पूर्ण आकाराचा ४२ मिमीचा बसवला तर तो मागच्या झाकणाच्या बाहेर येतो, आणि मग लोक झाकण काढून टाकतात. तसं करू नका, ठोकळाच बरोबर घ्या.

मोडलेल्या दांड्याचे आटे आशियाई गिटारीत बहुधा ५ किंवा ६ मिमीचे मेट्रिक असतात. अमेरिकन दांड्याचे आटे इंचाचे, जाडी सुमारे ४.८ मिमी. तो ५ मिमीच्या भोकात सैल बसतो. उलट ५ मिमीचा दांडा इंचाच्या भोकात घालायला गेलात तर अडकतो. तिथे जोर लावलात की ठोकळ्याचे आटे गेले. आत अडकलेला तुकडा काढायला ठोकळा उतरवून खालच्या बाजूनं बघा. बऱ्याचदा भोक आरपार असतं आणि तुकडा खालून डाव्या फिरत्या ड्रिलनं निघतो.

आतल्या पॉटचंही (आवाज आणि टोनच्या बटणाखालच्या भागाचंही) असंच. स्वस्त गिटारीत १६ मिमी व्यासाचे लहान पॉट असतात, त्यांच्या दांड्यावर १८ दाते. मोठ्या अमेरिकन पॉटच्या दांड्यावर २४ दाते आणि त्यांना पिकगार्डमध्ये (बॉडीवरच्या प्लास्टिकच्या पत्र्यात) साडेनऊ मिमीचं भोक लागतं. नॉब मागवताना दाते मोजूनच मागवा.

गिटार नवी घेतली तेव्हाचा खोका घरात कुठे पडला असेल तर तो नक्की शोधा. आयात केलेल्या मालाच्या पाकिटावर आयातदाराचं नाव, पत्ता आणि महिना-वर्ष छापणं आपल्याकडे कायद्यानं बंधनकारक आहे. गिटारवर काही नसलं तरी खोक्यावर ते असतं, आणि त्या आयातदाराच्या वस्तूंच्या यादीतून मॉडेलचं नाव सापडू शकतं.

प्रश्न : काकांनी १९९० च्या सुमारास घेतलेल्या गिटारवर 'सन' आणि 'मस्टँग' लिहिलंय, त्याखाली बारीक अक्षरांत फेंडरचा उल्लेख आहे. मागे 'मेड इन इंडिया'. दुकानदार म्हणाला नक्कल आहे.
— गडहिंग्लज

उत्तर : दुकानदारानं घाई केली. ही नक्कल नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फेंडरनं काही स्वस्त गिटारी भारतात बनवून घेतल्या, त्यातल्या काही सन मस्टँग नावानं आणि काही स्क्वायर टू नावानं विकल्या गेल्या. सन हे नाव मूळचं अमेरिकेतल्या एका अँप्लिफायर कंपनीचं, ते फेंडरकडे आलं होतं. आपल्याकडे या गिटारींबद्दल फार कमी बोललं जातं याचं आम्हाला वाईट वाटतं, कारण भारतात इलेक्ट्रिक गिटार बनवण्याच्या इतिहासातलं हे एक खरं पान आहे.

नावानं मात्र फसू नका. फेंडरची मूळची मस्टँग १९६४ ची, आखूड स्केलची, ६१० मिमी. सन मस्टँग ही स्ट्रॅटच्या घाटाची आहे. बाराव्या फ्रेटपर्यंत मोजा : ३०५ नव्हे, ३२४ च्या जवळपास येईल. म्हणून मस्टँगचे म्हणून विकले जाणारे पिकगार्ड किंवा ब्रिज हिला बसणार नाहीत.

बॉडी लाकडाची की प्लायची हे बघायचं असेल तर मागचं स्प्रिंगचं झाकण काढून पोकळीच्या कडेला टॉर्च मारा. रंग न लागलेल्या जागी आडवे थर दिसले तर प्लाय. प्लाय असली म्हणून गिटार टाकाऊ होत नाही. कोल्हापूरच्या पावसाळ्यात अनेक थरांची बॉडी एका जागी टिकते, त्रास मानेलाच होतो. फक्त ब्रिजचे स्क्रू प्लायमध्ये लवकर सैल होतात, त्यांच्याकडे लक्ष ठेवा.

याच पत्रात 'गिव्हसन म्हणजे गिब्सनची चुकीची छपाई का' असंही विचारलंय. नाही. गिव्हसन हे कोलकात्याचं स्वतंत्र नाव आहे. गिब्सनशी त्याचा संबंध नाही.

प्रश्न : आयबनेझ जिओ आहे. मागचा क्रमांक आय अक्षरानं सुरू होतो आणि पुढे १३०६. मॉडेलचं स्टिकर फाटलंय. २४ फ्रेट, पाच-सात पिकअप असल्यासारखे दिसतात.
— इचलकरंजी

उत्तर : आय म्हणजे इंडोनेशिया, १३ हे वर्ष, ०६ महिना : जून २०१३. आयबनेझचा एफ-नं सुरू होणारा क्रमांक मात्र जपानच्या फुजिजेन कारखान्याचा, आणि तो जिओवर नसतो. जिओ ही आयबनेझची प्राथमिक मालिका.

पिकअप पाच-सात नाहीत, तीनच आहेत. हंबकर या रुंद, दुहेरी पिकअपच्या दोन रांगा वेगवेगळ्या मोजल्यामुळे तसं वाटतं. मागे-पुढे हंबकर, मध्ये सिंगल कॉइल (एकेरी पिकअप), २४ फ्रेट आणि बोर्डावर शार्कच्या दातासारखी त्रिकोणी नक्षी असेल तर जी-आर-जी १७० डी-एक्स हे मॉडेल. २२ फ्रेट असते तर आम्ही जी-आर-एक्स घराण्याकडे वळलो असतो. नावाच्या शेवटी क्यू-ए आलं तर वरच्या थरावर गादीसारखी लाटांची नक्षी, एल आलं तर डावखुऱ्यांसाठी.

प्रश्न : व्हॉल्यूम पॉटच्या पाठीवर १३७९२४५ असा आकडा आहे. हा गिटारचा क्रमांक का?
— मंगळवार पेठ

उत्तर : नाही, पॉटचा. १३७ ही सीटीएस कंपनीची खूण, ९२ वर्ष, ४५ आठवडा. म्हणजे १९९२ च्या नोव्हेंबरच्या सुरुवातीला बनलेला पॉट. गिटार त्याआधी जोडली गेलेली नाही एवढंच यातून निघतं, आणि तेही पॉटचे टाके मूळचे असतील तर. सोल्डर चकचकीत, वायरी नव्या आणि बाकी पॉट वेगळ्या कंपनीचे असतील तर हा नंतर बदललेला आहे.

प्रश्न : मानेखालचा शिक्का बघायला मान काढायची भीती वाटते. तारा तोडाव्या लागतील का? पुन्हा नीट बसेल का?
— फुलेवाडी

उत्तर : तारा तोडायच्या नाहीत. नीट केलं तर मान पहिल्यापेक्षा घट्ट बसते. मॉडेल आणि वर्षाचा सगळ्यात खरा पुरावा बऱ्याच वेळा टाचेच्या तळाला किंवा बॉडीच्या खोबणीत असतो : रबरी शिक्का, पेन्सिलीनं लिहिलेली तारीख, बारकोडचं स्टिकर. हेडस्टॉकवरचं नाव कुणीही चिकटवू शकतो, खोबणीतल्या शिक्क्याकडे सहसा कुणी हात लावत नाही.

पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, नसेल तर तारा मानेला कापडी पट्टीनं बांधा, नाहीतर सोडल्यावर त्या खुंट्यांवरून उसळून गुंततात. सगळ्या तारा एकसारख्या, थोड्या थोड्या करून सैल करा. चांगल्या मोठ्या तोंडाचा दोन नंबरचा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर घ्या, लहान घेतलात तर स्क्रूची खाच गोल होते. पावसाळ्यात गंजून स्क्रू हलत नसेल तर त्याच्या डोक्यावर सोल्डरिंगची तापलेली टोच दहा-पंधरा सेकंद धरा. लाकूड आणि गंज दोन्ही सुटतात. रंगाला टोच लागू देऊ नका.

चारही स्क्रू आलटून पालटून सैल करा आणि कोणता कुठला ते पुठ्ठ्यावर टोचून ठेवा, कारण लांबी वेगवेगळी असू शकते. खोबणीत कागदाचा किंवा पातळ लाकडाचा तुकडा सापडला तर तो कचरा नाही. मानेचा कोन बदलायला कारखान्यात ठेवलेला असतो. तो कोणत्या कडेला, कोणत्या बाजूनं होता याचा फोटो काढा आणि जसाच्या तसा परत ठेवा. हा तुकडा हरवला की तारांची उंची अचानक बिघडते आणि मग दोष ट्रस रॉडवर (मानेचा वाक सांभाळणाऱ्या आतल्या सळीवर) जातो.

शिक्का दिसला की मोबाईलनं तिरक्या उजेडात फोटो घ्या, समोरून फ्लॅश मारू नका. पेन्सिलीची अक्षरं तिरक्या उजेडातच वाचता येतात. त्याच वेळी ट्रस रॉडचं तोंडही तपासा. आशियाई गिटारीत बहुधा ४ किंवा ५ मिमीची अ‍ॅलन की लागते. ३ मिमीची सैल आणि ४ मिमीची जातच नाही असं असेल तर ते इंचाचं, आठव्या भागाचं माप असण्याची शक्यता आहे, म्हणजे अमेरिकन पद्धतीची मान. सैल चावीनं कधीच फिरवू नका, तोंडाचे कोपरे गेले की दुरुस्ती अवघड होते.

परत बसवताना प्रत्येक स्क्रू आधी उलटा, डावीकडे हळूहळू फिरवा. एक बारीकसा धक्का जाणवतो, तिथे जुने आटे जुळलेले असतात. मग उजवीकडे वळवा. हे न करता सरळ दाबून फिरवलं तर लाकडात दुसरे आटे पडतात आणि दोन-तीनदा उघडल्यावर स्क्रू नुसताच फिरत राहतो. तसं झालं असेल तर भोकात लाकडाचा डिंक लावलेल्या दोन-तीन टूथपिक घालून, रात्रभर वाळवून, कडेला कापून घ्या.

शेवटचा अर्धा फेरा देण्याआधी दोन्ही ई तारा थोड्या ताणा आणि मानेच्या दोन्ही कडांपासून त्यांचं अंतर बघा. एका बाजूला कमी असेल तर टाचेला हातानं किंचित ढकलून सारखं करा, आणि मग चारही स्क्रू कर्णाकृती क्रमानं आवळा.